मांजर म्हणजे स्वस्तातलं कुत्रं नव्हे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगी गेलं वर्षभर कुत्र्यासाठी हटून बसली आहे. मागच्या आठवड्यात वहिनी चहाला आल्या आणि स्वतःच तोडगा सांगून मोकळ्या झाल्या. "कुत्र्याचं आम्हाला जमायचं नाही हो. आम्ही दोघंही सकाळी आठच्या लोकलला. मांजरच आणतो. फिरवायला नको, काही नको, खर्चही निम्मा." मी बिस्किटांचा डबा पुढे केला आणि गप्प बसले. नऊ वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले होते. चिंगी नावाची गावठी कुत्री घरात होतीच, त्यात मांजराचं एवढंसं पिल्लू काय जड होणार, म्हणून गुंड्या आणला. तो आता साडेपाच किलोचा बोका आहे आणि घरात एकरकमी सगळ्यात मोठं बिल करणारा सदस्य.

मांजर हे कुत्र्याचं छोटं, स्वस्त रूप आहे असं समजून लोक घोटाळा करतात. दोघांनाही चार पाय, दोघांनाही लस, दोघांचंही खाणं एकाच दुकानात मिळतं, म्हणून तसं वाटतं. पण कुत्रा हप्त्याने पैसे घेतो. रोज थोडा वेळ, दर महिन्याला थोडे पैसे, शेजाऱ्यांशी रोज थोडी कटकट. मांजर काहीच मागत नाही, मागत नाही, आणि मग एका रविवारी रात्री एकरकमी वसूल करतं.

कुत्र्याचा हप्ता आधी सांगते. सकाळी सव्वासहा, पट्टा, पिशवी, लिफ्ट. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा भिंतीला चिकटून उभे राहतात, मी चिंगीला माझ्या पायामागे घेते, दोघंही "नमस्कार" म्हणतो. खाली आलं की माती शोधायची. मुंबईत हेच अवघड. आवारात पेव्हर ब्लॉक, बाहेर पार्क केलेल्या गाड्या, आणि जो एक गुलमोहराचा आळा उरलाय तिथे तीन भटक्या कुत्र्यांचं राज्य. कुत्र्याला फिरवणं म्हणजे त्या तिघांच्या मर्जीने फिरवणं. शी उचलायची हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींमध्ये न उचलणाऱ्याला ५०० रुपये दंड ठेवला होता. पावसाळ्यात हाच कार्यक्रम छत्री सांभाळत, आणि परत आल्यावर चार पंजे पुसून. मे महिन्यात सकाळी नऊनंतर बाहेर पडायचं नाही. डांबरावर आपला तळहात पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर तिचा पंजाही टेकणार नाही.

घरात दुपारी कोणी नसेल तर वॉकर, म्हणजे पैसे घेऊन कुत्रा फिरवणारा. आमच्याकडे एक मुलगा दुपारी वीस मिनिटं येतो, महिन्याला तीन हजार घेतो. तो सुट्टीवर गेला की नवरा-बायकोत वर्क फ्रॉम होमवरून जे बोलणं होतं, ते इथे लिहीत नाही.

सोसायटीचं एक सांगायला हवं, कारण याच भीतीने बरेच जण मांजराकडे वळतात. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी वेगळे पैसे लावणंही चालत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच हे लेखी कळवलं आहे. तेव्हा सेक्रेटरी काका काहीही म्हणोत, कागद तुमच्या बाजूने आहे. मात्र कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो, रेबीजच्या लसीचा दाखला जोडून. मांजराला कोणी विचारत नाही. लस मात्र दोघांनाही हवी, घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही.

आता मांजर. मांजर फिरवायला लागत नाही हे खरं. त्याऐवजी घर फिरवावं लागतं. गुंड्या आला तेव्हा आमच्या बाल्कनीला कबुतरजाळी होती, नायलॉनची, सगळ्या बिल्डिंगला असते तशी. मला वाटलं काम झालं. आठवड्याभरात कोपऱ्यात एक भोक दिसलं, कडा भिजलेल्या, लाळेने ताठ झालेल्या. समोर पारव्याचं जोडपं बसायचं आणि हा शांतपणे एकेक धागा दाढेखाली घेऊन कुरतडायचा. नायलॉनची जाळी कबुतर बाहेर ठेवण्यासाठी असते, मांजर आत ठेवण्यासाठी नव्हे. शेवटी अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलची जाळी बसवून घेतली. तीन खिडक्या, एक बाल्कनी, तेव्हाचे साडेआठ हजार.

"मांजर पडलं तरी पायावर पडतं" हे सगळे सांगतात. न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली छापून आला होता, आणि त्यातल्या उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के जगली होती. हा आकडा लोक अर्धाच सांगतात. ती सगळी दवाखान्यात पोचलेली मांजरं होती, आणि छातीला मार, तुटलेले जबडे, मोडलेले पाय घेऊन पोचली होती. जागच्या जागी गेलेली कोण मोजणार? चौथ्या मजल्यावर राहत असाल तर जाळी हा मांजराच्या किमतीचाच भाग धरा.

मग लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी माती भरलेला ट्रे. चारशे चौरस फुटांत तो कुठे ठेवायचा, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी फ्रिजवरही झाली नव्हती. बाथरूममध्ये ठेवला तर पाणी उडून चिखल, बाल्कनीत ठेवला तर पावसाची झड, आणि हॉलमध्ये ठेवला तर सासूबाई. शेवटी बेसिनखाली ठेवला. रोज दोनदा जाळीदार सुपडीने ओल्या मातीचे झालेले गोळे काढायचे, ते पिशवीत बांधून कचऱ्यात. कमोडमध्ये टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही छापलेलं असो. ही बहुतेक बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. पाण्यात फुगते आणि पाइपच्या वाकणात जाऊन बसते. चाळीस वर्षं जुन्या बिल्डिंगच्या वाकणात तर फारच आवडीने बसते. आमच्या प्लंबरने बाहेर काढलेला तो करडा गोळा मला नीट दाखवला होता आणि विचारलं होतं, "ताई, घरात सिमेंटचं काम चाललंय का?"

खाण्यात तर दोघांना एका ताटात बसवूच नका. आपल्याकडे मांजराला दूध आणि कुत्र्याला पोळी, झालं. कुत्र्याचं पोळीवाचून अडत नाही, पण माणसांसोबत राहता राहता त्याला पिष्ट पचवण्याची सवय जडली आहे. २०१३ मध्ये त्याची आणि लांडग्याची जनुकं ताडून पाहिली तेव्हा पिष्ट फोडणाऱ्या विकराचं जनुक कुत्र्यात कितीतरी जास्त प्रतींत सापडलं. म्हणून भात, उकडलेलं चिकन, थोडं गाजर, वर डॉक्टरांना विचारून कॅल्शियम, यावर चिंगीचं बरं चाललं आहे. मांजर मात्र मांसाहारीच. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाचा हा संबंधही १९८७ सालीच उघड झाला. त्यामुळे मांजराला कुत्र्याचं खाणं कायमचं घालणं म्हणजे बचत नव्हे. आणि दूध? मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही. डोळे मिटून पितं खरं, पण नंतर बेसिनखाली जे होतं ते डोळे उघडे ठेवून आपल्याला साफ करावं लागतं.

आमची कोळीण गुंड्यासाठी मांदेलीच्या वाट्यावर दोन जास्तीची टाकते. ती उकडून, काटे काढून देते. कच्ची नाही, काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर जातं. मासळी वरची चैन म्हणून ठीक, रोजचं पूर्ण जेवण म्हणून नाही.

सर्वांत धोक्याचा घोटाळा औषधांचा आहे, आणि हा परिच्छेद तेवढा फ्रिजवर लावून ठेवा. चिंगीला पावसाळ्यात गोचीड लागतात, त्यासाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विष. "थोडंच टाकते, वजनाच्या हिशोबाने" हे चालत नाही. थेंब टाकलेल्या कुत्र्याच्या अंगाशी मांजर लगेच झोपलं तरी झटके येऊ शकतात. तसंच पॅरासिटामॉल. आपल्या घरातली तापाची साधी गोळी, तिचा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो, कारण ते द्रव्य निकामी करण्याची यकृतातली यंत्रणाच त्याच्याकडे अपुरी असते. कुत्र्यालाही ती गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये, पण मांजराला तर कधीच नाही. लिलीची फुलं घरी आणत असाल तर मांजराच्या घरात नकोत, मूत्रपिंडं जातात. उलट चॉकलेट आणि द्राक्षं ही मुख्यतः कुत्र्याच्या घराची काळजी. मांजर त्यांच्याकडे सहसा ढुंकून बघत नाही, चिंगी खोक्यासकट खाते. कांदा-लसूण दोघांनाही नको, म्हणजे रश्शाची हाडं दोघांनाही नको.

पावसाळ्यात कुत्र्याचा आणखी एक खर्च वाढतो. उंदरांच्या मुतातून तुंबलेल्या पाण्यात येणारा लेप्टो हा आजार मुंबईकराला सांगायला नको. कुत्र्याला तो होतो, त्याची लस दरवर्षी जून लागायच्या आत द्यायची. मांजराला तो सहसा बाधत नाही. इथे मांजर खरंच स्वस्त पडतं, तेवढं श्रेय द्यायला हवं.

आता तो रविवार. चिंगीला काही झालं की सगळ्या मजल्याला कळतं. लंगडते, कण्हते, ताटाकडे पाठ करते. गुंड्या नेहमीसारखाच बसला होता, फक्त सारखा लिटर बॉक्सकडे जात होता. आत जायचा, वाकून बसायचा, बाहेर यायचा. नवरा म्हणाला पोट साफ होत नसेल. एका दवाखान्यात फोन केला तर तिथूनही तेच उत्तर, "मांजर आहे ना, दोन दिवस बघा." संध्याकाळी सुपडी फिरवली तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मातीत एकही ओला गोळा नाही. त्याची लघवी अडली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडे-चिकटा साचून बंद होतो, आणि एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. दोन दिवस बघितले असते तर बघायला काही उरलं नसतं. रात्री दुसरीकडे नेलं, नळी घातली, चार दिवस ठेवला. बिल एकवीस हजार. तेव्हापासून ओलं खाणं, घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या, आणि मी रोज गोळे मोजते. अक्षरशः मोजते.

रात्रीबेरात्री कुठे जायचं हे आधीच ठरवून ठेवा. परळचं जुनं पेटिट हॉस्पिटल, ज्याला अजूनही लोक बैलघोडा म्हणतात, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय, ही दोन नावं बहुतेक प्राणीवाल्यांच्या फोनमध्ये असतात. तुमच्या उपनगरातून तिथे पोचायला किती वेळ लागतो, हेही एकदा बघून ठेवा. कुत्रं गाडीत उडी मारून बसतं. मांजरासाठी कॅरिअर, म्हणजे न्यायचा पिंजरा लागतो, तो वर्षभर माळ्यावर न ठेवता हॉलमध्ये उघडा ठेवायचा, म्हणजे ऐन वेळी पलंगाखालून ओढताना हात ओरबाडून निघत नाहीत.

नसबंदी दोघांचीही करा, पण घाई मांजराची जास्त. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. भाटी, म्हणजे मादी मांजर, गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि आपल्या हवेत जवळजवळ बारा महिने. तो रात्रीचा रडका आवाज भिंतीपलीकडच्यांना लहान मूल रडतंय असाच वाटतो. बोका पडद्यावर फवारे मारतो ते वेगळं.

गणपतीला गावी जाताना मात्र गणित उलटं होतं. चिंगी गाडीत येते, खिडकीतून तोंड काढून चिपळूणपर्यंत खूश. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीची पूर्ण कुपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली घ्या नाहीतर तिला गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात टाका. दोन्ही आम्हाला परवडत नाही, वेगवेगळ्या अर्थाने. गुंड्याला घर सोडवत नाही. त्याच्यासाठी रोज एक फेरी मारणारी ओळखीची मुलगी लागते, किल्ली देण्याइतकी ओळखीची. दोन वेळचं खाणं टाकून चार दिवस बंद घरात ठेवू नका. मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही की यकृतावर चरबी चढते, आणि ते बघायलाही घरात कोणी नसतं.

वहिनींना मी आमची वहीच दाखवली. मागच्या वर्षभरात चिंगीचा महिना वॉकर धरून सरासरी साडेसात हजारांवर गेला, गुंड्याचा अडीच हजारांच्या आसपास. हे वाचून त्यांचा चेहरा खुलला. मग मी दोन पानं मागे जाऊन जाळी, प्लंबर आणि ते चार दिवस दाखवले. वहिनींनी चष्मा लावून बेरीज पुन्हा केली. मग म्हणाल्या, "आणि हे कळलं कसं, त्या मातीतल्या गोळ्यांवरून?"

काल त्यांच्या खिडकीत जाळीवाला टेप लावून उभा होता. मुलगी खालून विचारत होती, भोकं किती मोठी असतात, काका?