व्हॅलेन्सियाच्या छतावरचे जिवाणू

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात, मध्यवर्ती मंडईच्या समोरच, ‘सांतोस हुआनेस’ नावाचं जुनं कॅथलिक चर्च आहे. सतरावं शतक सरता सरता अंतोनियो पालोमिनो या राजचित्रकाराने त्याचं अख्खं कमानदार छत रंगवून काढलं. १९३६च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकलं आणि हे चर्च पेटवून देण्यात आलं. छतावरचं बरंच चित्र गेलं. जे उरलं ते काजळीने काळवंडलं, उष्णतेने फुगून सुटलं. अशा आगीत रंगसुद्धा बदलतात. पिवळी गेरूमाती अडीच-तीनशे अंश सेल्सियसला तापली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती कायमची लाल होते.

पण या चित्राचं नुकसान एकट्या आगीने केलेलं नाही. ते वाचवण्यासाठी जी दुरुस्ती झाली, तिनेही पुढे बराच त्रास दिला, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्याजोगा भाग तोच वाटतो.

साधारण १९६०च्या सुमारास छताचे काही भाग सोलून काढण्यात आले. इटलीत ही रीत जुनी आहे. चित्राच्या पृष्ठभागावर सरस लावून कापड चिकटवायचं. सरस म्हणजे जनावरांची कातडी नि हाडं उकळून केलेला चिकट पदार्थ. तो वाळताना जोरात आकसतो आणि रंगाचा पातळसा थर गिलाव्यापासून उचलून घेतो. मग हा थर नव्या फळीवर बसवायचा आणि वरचं कापड नि सरस गरम पाण्याने सोडवून टाकायचे. सांतोस हुआनेसमध्ये सरस पुरता निघालाच नाही. वर्षानुवर्षं तो चित्रावर राहिला, कडक झाला, पाण्यात विरघळेनासा झाला, आणि हवेतल्या दमटपणाबरोबर आकसत-फुगत रंगाचे पापुद्रे ओढू लागला.

जे भाग छतावरच राहिले होते, त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्यावर पांढरी पुटं चढली होती. चित्राच्या मागच्या पोकळीत कबुतरांच्या घरट्यांची घाण साचली होती. ती कुजून तयार झालेले नायट्रेट क्षार ओलीबरोबर गिलाव्यातून पुढे सरकत आले. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जायचं आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन बसायचे. भिंतीवर लोणा चढतो तो असाच. स्फटिक वाढताना रंगाला आतून ढकलतो, म्हणून लोणा नुसता चित्र झाकत नाही, तो ते पाडतोही.

आता हे काढायचं कसं? चाकूने खरवडलं तर रंग जातो. भरपूर पाणी वापरलं तर आतले क्षार आणखी वर येतात. तीव्र रसायनांना चुना कुठला आणि मळ कुठला हे कळत नाही. खऱ्या फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावतात. विरी गेलेला, म्हणजे पाणी घालून विझवलेला, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो आणि रंगाचे कण तिच्यात अडकून पडतात. चुनखडी आम्लात विरघळते, त्यामुळे आम्ल लावलं की चित्राचा आधारच जातो.

वाट दाखवली ती इटलीतल्या पिसा शहराने. तिथल्या ‘काम्पोसांतो’ या ऐतिहासिक दफनभूमीचं छप्पर जुलै १९४४मध्ये युद्धात पेटलं, वरचं शिसं वितळून भिंतींवरून ओघळलं, आणि तिथलीही भित्तिचित्रं याच रीतीने सोलून काढावी लागली. दशकं उलटली तरी स्पिनेल्लो आरेतिनोच्या एका चित्रावरचा सरस निघता निघेना. तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जानकार्लो रानाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्यूडोमोनास स्टुत्झेरी’ हे जिवाणू कापसात भिजवून त्यावर ठेवले. दहा-बारा तासांत सरस इतका मऊ झाला की तो काढता आला. व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच विद्या इटलीकडून घेतली आणि आपल्या चर्चसाठी तिला नवं वळण दिलं.

हे जिवाणू मातीत सर्रास सापडतात. ऑक्सिजन कमी पडला तर ते श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. नायट्रेटचं नायट्राइट, पुढे नायट्रोजनची ऑक्साइडं, आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, जो आपल्या हवेत ७८ टक्के असतोच. म्हणजे क्षारातलं नायट्रेट अक्षरशः हवेत निघून जातं. सरसाच्या बाबतीत त्यांची तऱ्हा निराळी आहे. प्रयोगशाळेत त्यांना अन्न म्हणून फक्त सरसच दिला, तर ते सरसातली प्रथिनं तोडणारी विकरं बनवू लागतात. अशी सवय लावलेले जिवाणूच पुढे चित्रावर न्यायचे. रंगातले लोहाचे संयुग किंवा चुनखडी त्यांच्या कामाची नसते, त्यामुळे ते तिच्या वाटेला जात नाहीत.

व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी कापसाऐवजी ‘अगर’ हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ वापरला. चायना ग्रासची खरवस-वडीसारखी थरथरती वडी आपल्याकडे घरोघर होते, ती याच समुद्री शेवाळाची. चित्रावर जिवाणूंचा द्राव लावायचा आणि त्यावर अगरचा थर द्यायचा. छताच्या उलट्या पृष्ठभागावरही तो धरून राहतो, जिवाणूंपुरती ओल देतो आणि ती भिंतीत खोलवर मुरू देत नाही. साधारण दीड तासाने थर सोलून काढायचा, पृष्ठभाग पाण्याने हलकेच पुसायचा आणि वाळू द्यायचा. ओल संपली की जिवाणू मरतात. निवडलेला वाण माणसाला रोग न करणारा आहे, त्यामुळे परांचीवर चढून काम करणाऱ्यांना विषारी वाफा घ्याव्या लागत नाहीत. माझ्या मते हा फायदा लहान नाही, जुन्या द्रावकांनी किती जणांची फुप्फुसं खराब केली असतील.

मिलानच्या कॅथीड्रलमध्ये संगमरवरावरची काळी पुटं काढायला सल्फेटवर जगणारे वेगळे जिवाणू वापरून पाहिले गेले आहेत. मळ बदलला की जीवही बदलावा लागतो.

मळ ओळखणं म्हणूनच सर्वांत आधी येतं. रंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर पाहतात, कोणत्या थरात प्रथिन आहे आणि कोणत्यात क्षार, हे ठरवतात. फ्रेस्को वाळल्यावर चित्रकार पुष्कळदा अंड्यात किंवा सरसात कालवलेल्या रंगाने वरून हात फिरवत असत. असा भाग सरसखाऊ जिवाणूंच्या तावडीत सापडला, तर मळाबरोबर चित्रही जाईल. आणि कबुतरांची घाण मागे तशीच ठेवली, तर वरून कितीही साफ केलं तरी लोणा पुन्हा येणारच.

जे जळून गेलं ते जिवाणू परत आणू शकत नाहीत. त्यासाठी आगीपूर्वीची कृष्णधवल छायाचित्रं उपयोगी पडली. उरलेल्या तुकड्यांवरून संगणकावर रंग ठरवले, रिकाम्या जागांपुरती चित्रं छापून ती तिथे चढवली. जवळ गेल्यावर नवं कुठलं नि मूळ कुठलं हे ओळखता यावं, असा या क्षेत्रातला दंडक आहे.

दुरुस्तीच पुढे त्रासदायक ठरते, हा अनुभव आपल्याकडे अजिंठ्यानेही घेतला आहे. १९२०च्या सुमारास हैदराबादच्या निजामाने लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावलं. त्याने निखळणारे रंग मोठ्या कष्टाने बसवले, पण त्या काळी वापरलेला चपड्याचा लेप पुढे पिवळट-तपकिरी पडला आणि तो उतरवण्याचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना करावं लागलं. तिथे व्हॅलेन्सियाची युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. चपडा ही कीटकापासून मिळणारी राळ आहे, प्रथिन नव्हे. शिवाय अजिंठ्याचं चित्र ओल्या चुन्यात मुरलेलं नाही. ते मातीच्या गिलाव्यावर, वाळलेल्या पृष्ठभागावर रंगवलेलं आहे, आणि त्यातले रंग धरून ठेवायला चित्रकारांनी सरसासारखाच चिकट पदार्थ वापरला होता.