बायबलचा तास आणि शीलाची शिकवण : इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजची पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ख्रिश्चन कॉलेजचा विषय निघाला की बोलणे बहुधा किशोरकुमार आणि त्याच्या कँटीनमधल्या उधारीवर येऊन थांबते. १८८७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनने, रेव्हरंड जॉन विल्की यांच्या पुढाकाराने, हे कॉलेज उघडले तेव्हा विद्यार्थ्याचे अंतःकरण घडवणे हा शिक्षणाचाच भाग मानला जात होता, याची आठवण मात्र क्वचित निघते.

ही कल्पना हिंदुस्थानात आणली ती मुख्यतः स्कॉटिश मिशनऱ्यांनी. अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये कलकत्त्यात आणि जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत शाळा काढल्या, त्या इंग्रजी विद्या आणि बायबल एकत्र शिकवण्यासाठी. पाश्चात्त्य ज्ञानाने जुन्या श्रद्धा ढिल्या होतील आणि विद्यार्थी आपणहून ख्रिस्ताकडे वळतील, असा डफ यांचा होरा होता. प्रत्यक्षात धर्मांतरे थोडी झाली आणि वादळे मोठी उठली. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अज्ञान, म्हणजे कायद्याने अल्पवयीन, असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर स्वकीयांशी झगडले. मुलाच्या मनावर हक्क कोणाचा, बापाचा, गुरूचा की त्याचा स्वतःचा, हा प्रश्न मराठी समाजासमोर इतक्या उघडपणे त्यापूर्वी क्वचितच आला असेल.

मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर यांनी पुढे रोख बदलला. एकेका विद्यार्थ्याच्या धर्मांतरापेक्षा साऱ्या समाजाच्या विचारात ख्रिस्ती मूल्ये खमिरासारखी मुरावीत, हे कॉलेजचे काम, असे ते मांडू लागले. मिशनरी वर्तुळात यावर टीकाही पुष्कळ झाली, कारण धर्मांतर मोजता येते, मुरणे मोजता येत नाही.

सरकारी बाजूची गोष्ट वेगळी होती. शिक्षणाचे धोरण ठरवणाऱ्या १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी संस्थांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवले आणि खाजगी संस्थांना अनुदान देताना त्यांच्या धार्मिक शिकवणीकडे पाहू नये असे ठरवले. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने सर्व कॉलेजांसाठी नीतिशिक्षणाचे एक क्रमिक पुस्तक तयार करावे, अशी शिफारस केली. आयोगाचे सभासद काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तिच्याशी असहमती नोंदवली आणि सरकारनेही ती स्वीकारली नाही. क्रमिक पुस्तकाने शील येत नाही, हे शिक्षकाच्या पेशातल्या कोणालाही पटावे.

इंदुरात या सगळ्याला संस्थानी वळण मिळाले. कॅनडाचे मिशनरी येथे १८७७ मध्ये आले, तेव्हा एकीकडे होळकरांचा दरबार होता आणि दुसरीकडे ब्रिटिश रेसिडेन्सी, आणि त्यांना दोघांची मर्जी सांभाळणे भाग होते. ख्रिश्चन कॉलेजनंतर अवघ्या चार वर्षांनी, १८९१ मध्ये, शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज उघडले. त्यामुळे ज्या बापाला मुलाने बायबलच्या तासाला बसू नये असे वाटे, त्याला गावातच दुसरे दार उघडे झाले. ब्रिटिश हद्दीत विवेकस्वातंत्र्याच्या कलमासाठी, म्हणजे नको असेल त्याला धर्मशिक्षणाच्या तासातून सूट मिळावी यासाठी, पुढे जी चर्चा रंगली, तिची धार येथे या शेजारामुळेच थोडी बोथट झाली असावी, असे मला वाटते.

मुळात 'शील' या शब्दाविषयीच दोन्ही बाजूंची समज वेगळी होती. रोज संध्याकाळी परवचा म्हणायला लावणाऱ्या मराठी घरात शील हे सवयीने अंगी बाणते, असे धरलेले असे. अॅरिस्टॉटलही तेच सांगतो : न्यायाची कृत्ये करत राहिल्याने माणूस न्यायी होतो. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा विचार ख्रिस्ती चौकटीत बसवला, पण सरावाने कमावलेल्या सद्गुणांच्या जोडीला देवाने अंतःकरणात घातलेले सद्गुणही मानले. प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक ल्यूथर यांनी तर क्रमच उलटा केला. माणूस आधी कृपेने न्यायी ठरतो आणि मग त्याच्या हातून सत्कृत्ये घडतात. ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांच्या परंपरेतल्या मिशनऱ्याला, मनात परिवर्तन नसलेले सद्वर्तन अपुरे वाटणे साहजिक होते, आणि बायबलच्या तासाला बसलेल्या मराठी मुलाच्या घरच्यांनी त्याच तासाकडे निव्वळ नीतिपाठ म्हणून पाहणे तितकेच साहजिक होते. एकाच तासाचे दोन अर्थ लागत, आणि बहुधा म्हणूनच तो तास टिकला. कॅथॉलिक कॉलेजांनी, उदाहरणार्थ जेझुइट या कॅथॉलिक संघाच्या पाद्र्यांनी, सहसा कॅथॉलिकांना धर्मशिक्षण आणि इतरांना 'मॉरल सायन्स' म्हणजे नीतीचे पाठ अशी वाटणी करून हा पेच टाळला.

१९३१ मध्ये ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हिंदुस्थानातील प्रोटेस्टंट कॉलेजांचा अहवाल दिला. विद्यापीठीय परीक्षांच्या ओझ्याखाली कॉलेजचे मूळ प्रयोजन दबून गेले आहे, हे त्याचे मुख्य दुखणे होते, आणि संशोधन व आसपासच्या समाजातले काम हा त्याने सुचवलेला एक उपाय. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने सर्वच विद्यापीठांसाठी वेगळी वाट दाखवली : दिवसाची सुरुवात मौन चिंतनाने, पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील वेचे, तिसऱ्या वर्षी धर्माचे तत्त्वज्ञान. ही वाट फारशी कोणी चाललेच नाही.

पाश्चात्त्य ख्रिस्ती विद्यापीठांत सद्गुणांची चर्चा नव्याने सुरू झाली ती तत्त्वज्ञ एलिझाबेथ अॅन्सकम यांच्या १९५८ च्या निबंधानंतर आणि विशेषतः १९८१ पासून तत्त्वज्ञ अॅलिस्टर मॅकिन्टायर यांच्या लेखनामुळे. 'आध्यात्मिक घडण' हा कॅथॉलिक पाद्र्यांच्या प्रशिक्षणातला शब्दही त्याच सुमारास प्रोटेस्टंटांत रुळला.

भारतात दरम्यान कायद्याने चौकट ठरवून दिली होती. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला. २८ व्या कलमाच्या तिसऱ्या खंडाने राज्यमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणावरही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येणार नाही, असे ठरवले. विद्यार्थी अज्ञान असेल तर ही संमती पालकाने द्यायची असते. कॉलेजात येणारा मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की तो निर्णय तिचा स्वतःचा असतो.