बिस्किट रोज सारखंच लागतं

पुड्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या बिस्किटात काही फरक नसतो. तोच आकार, तोच रंग, दाताखाली तोच आवाज. आता भेंडीची भाजी घ्या. काल कोरडी परतलेली होती, आज जरा तार सुटली, एखादी फोड जून निघाली, मध्येच मोहरी, आणि मिरचीचा तुकडा कुठे दडलाय ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाआम्हाला ही 'चव' वाटते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाला बरेचदा तो दर घासाला बसणारा धक्का असतो. म्हणून ते बिस्किटाकडे वळतं. बिस्किट त्याला कधी फसवत नाही.

घरात मात्र याचे दोनच अर्थ लावले जातात: पोर हट्टी आहे, किंवा आईने लाडावून ठेवलंय. मग आजीचा ठरलेला उपाय येतो, "राहू दे उपाशी, भूक लागली की खाईल." बहुतेक मुलांच्या बाबतीत आजीचं बरोबरच असतं. पण या उपायात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. भूक लागली हे मुलाला कळतं, असं आपण मानतो. पोटातली भूक, घशाची कोरड, भरलेलं मूत्राशय हे आतले निरोप मेंदूपर्यंत पोचून त्यांचा अर्थ लागावा लागतो, आणि अनेक स्वमग्न मुलांमध्ये हे निरोप अंधूक येतात, उशिरा येतात किंवा एकदम कल्लोळ करत येतात. अशा मुलाला उपाशी ठेवलं तर ते जेवायला येत नाही. ते चिडतं, डोकं आपटून घेतं, आणि कशामुळे ते त्यालाही सांगता येत नाही.

झोप, जेवण, दात घासणं, खेळणं या साध्या सवयी शरीराच्या अशाच निरोपांवर उभ्या असतात. स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या मुलांमध्ये पायाखालची ही माती वेगळी असते. वरची भिंत मात्र आपण नेहमीच्याच मापाने बांधायला जातो.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ६ ते ९ वर्षांच्या गटात १३.६ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी निगडित एक तरी अडचण आढळली. या यादीत ऐकण्याच्या आणि दिसण्याच्या अडचणी, अपस्मार म्हणजे फिट येणं, हेही धरलेले होते, हे खरं. तरीही चाळीस मुलांच्या वर्गात पाचेक मुलं, असा तो हिशेब होतो.

माझ्या मते सुरुवात जेवणापासून करूच नये. झोपेपासून करावी.

स्वमग्न मुलांपैकी निम्म्यापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन सोडू लागते. 'रात्र झाली' ही शरीरभर फिरणारी दवंडीच ती. काही स्वमग्न मुलांमध्ये ही दवंडी दबक्या आवाजात होते, आणि एडीएचडीच्या अनेक मुलांमध्ये उशिरा. म्हणजे आपण नऊला दिवा घालवतो तेव्हा त्या शरीरात अजून संध्याकाळच चाललेली असते. त्यात भर म्हणजे डोळ्यासमोरचा मोबाइल. पडद्याचा निळसर प्रकाश मेलॅटोनिनला आणखी मागे रेटतो.

'मुलाला स्वतंत्र, शांत खोली द्या' असा सल्ला देणाऱ्या लेखकाने दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपताना पाहिलेली नसावीत. पण खोली बदलली नाही तरी तिच्यातला उजेड बदलता येतो. जेवणं झाली की पांढरी ट्यूब बंद करून मंद पिवळा दिवा लावणं, टीव्हीकडे पाठ होईल अशी मुलाची गादी घालणं, पंख्याचा एकसुरी आवाज चालू ठेवणं, एवढं कुठल्याही घरात जमतं.

मग वेळ. मूल खरोखर अकराला झोपत असेल, तर त्याला नऊपासून गादीवर आडवं पाडून ठेवण्यात दोन तासांचं भांडण तेवढं पदरात पडतं, आणि गादी म्हणजे भांडणाची जागा हे मात्र पक्कं शिकवलं जातं. त्यापेक्षा काही दिवस पावणेअकरालाच गादी घालावी. पटकन झोप लागू लागली की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यावं. उठण्याची वेळ मात्र रविवारीही हलवायची नाही. या पद्धतीत सगळ्यात अवघड हेच आहे, आणि मोठ्यांनाच ते जास्त अवघड जातं.

मेलॅटोनिनच्या गोळ्यांविषयी पालक हमखास विचारतात. अमेरिकेतल्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली स्वमग्न मुलांच्या झोपेबद्दल मार्गदर्शन दिलं. त्याचा क्रम असा: आधी इतर आजार तपासा, मग सवयींवर काम करा, त्याने भागलं नाही तर मेलॅटोनिन. तेही डॉक्टरांकडून, कारण बाजारातल्या गोड गोळ्यांचा भरवसा नाही. २०२३ साली अमेरिकेत अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा २२ डब्यांवरचं लेबल आणि आतला माल जुळला नाही. एकात तर मेलॅटोनिन नव्हतंच.

आणि 'आधी इतर आजार' हे शब्द नुसते वाचून सोडू नयेत. रात्रभर पाय झाडणाऱ्या मुलाचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला हवा. तो कमी असला की पायांची अस्वस्थता वाढते. घोरणाऱ्या मुलाचं कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे काम असतं. डाउन सिंड्रोममध्ये झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण इतकं मोठं आहे, की घोरणं नसलं तरी चार वर्षांच्या आत झोपेची तपासणी करावी, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सुचवतात. रात्री श्वास अडला की मूल दिवसा पेंगतंच असं नाही. ते सैरभैर धावतं, आणि अतिचंचल ठरतं.

झोप थोडी सुधारली की जेवणाला हात घालावा. ठरलेल्या तीन पदार्थांपलीकडे न जाणाऱ्या मुलांमध्ये 'क' जीवनसत्त्व संपून स्कर्व्ही झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दर्यावर्दी खलाशांचा तो जुना आजार. मूल लंगडू लागतं, हिरड्या सुजतात, आणि डॉक्टर आधी सांधेदुखी, नाहीतर रक्ताचा कर्करोग शोधत बसतात. म्हणून ताट बदलायला हवं, पण इंचाइंचाने. मूल एका प्रकारचे वेफर खात असेल तर आधी दुसऱ्या कंपनीचे, मग घरचे बटाट्याचे काप, मग तसेच कुरकुरीत तळलेले भेंडीचे काप. नवा पदार्थ ताटात नुसता असू द्यावा. हात लावला, वास घेतला, तेही पुरे. मन वळायला साधारण मुलालाही आठ-दहा, कधी पंधरा वेळा पदार्थ समोर यावा लागतो. इथे त्याहून जास्त लागतील. आवडत्या दहीभातात गाजर लपवू नये. पकडलं गेलं, तर दहीभातही यादीतून जातो.

एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट चालू असेल तर दुपारचा डबा भरलेलाच परत येतो, कारण औषधाने भूक मरते. अशा वेळी सकाळी गोळीआधी पोटभर खाणं आणि रात्री औषधाचा असर उतरल्यावर पुन्हा जेवण, असा क्रम डॉक्टरांना विचारून लावता येतो. डब्यावरून रागवण्यात अर्थ नाही.

दात घासण्याचा प्रश्न बरेचदा ब्रशचा नसतो, फेसाचा आणि पुदिन्याचा असतो. तोंड भाजल्यासारखं वाटतं. फेस न होणारी, बिनवासाची फ्लोराइड पेस्ट मिळते; मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन सुरुवात करावी.

"आवर लवकर!" या दोन शब्दांत किती कामं आहेत ते एकदा मोजून पाहा: उठणं, संडास, दात, अंघोळ, कपडे, केस, दूध, दप्तर. एडीएचडी असलेल्या मुलाच्या डोक्यात ही रांग टिकत नाही. तिसऱ्या कामापर्यंत पोचताना पहिली दोन निसटतात, आणि दहा मिनिटं म्हणजे किती हे त्याला आतून उमगत नाही. मग रांग डोक्याबाहेर काढून भिंतीवर लावायची. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ साली सुरू झालेल्या 'टीच' कार्यक्रमाने चित्रांचे असे तक्ते स्वमग्न मुलांसाठी रुळवले. चित्रं इंटरनेटवरून उतरवू नयेत. मुलाचा स्वतःचा ब्रश, घरातली बादली, त्याचंच दप्तर यांचे फोटो काढावेत. काम झालं की चित्र उलटं करायचं.

खेळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे शाळा उलटं वागतात. मस्ती केली म्हणून पीटीचा तास बंद. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एडीएचडी असलेली ८ ते १० वर्षांची मुलं वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालली. नंतर त्यांचं लक्ष आणि वाचन-गणिताच्या चाचण्यांतले गुण, दोन्ही वीस मिनिटं बसून वाचल्यानंतरच्या मानाने सुधारले. मुलं वीसच होती, त्यामुळे फार मोठा दावा करता येत नाही. पण शिक्षा म्हणून खेळ काढून घेणं म्हणजे तापलेल्या मुलाची पाण्याची घडी काढून घेण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिवसाला सरासरी ६० मिनिटांच्या हालचालीची शिफारस अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही तेवढीच ठेवली. सांघिक खेळातला गोंगाट सोसत नसेल तर पोहणं, सायकल, जिने, बाबांबरोबर बाजारातून पिशवी उचलून आणणं, हेही त्यात मोजावं.

किती दिवस लागतील? लंडनमधल्या ९६ प्रौढांच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता. प्रौढांचा हा पसारा, तर या मुलांच्या बाबतीत 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे गणित कुणी सांगू नये. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी घडत आलेली सवय फारशी मागे जात नाही. दिवाळीत पाहुणे येतात, जागरणं होतात, फटाके वाजतात. तक्त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रशचं चित्र पुन्हा सरळ करून ठेवायचं.