केटलिन क्लार्कच्या विक्रमाची पार्श्वभूमी

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने कॉलेज बास्केटबॉलमधल्या एकूण गुणांत अडीच आठवड्यांत तीन जणांना मागे टाकलं. १५ फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध तिने खूप लांबून तीन गुणांची बास्केट केली आणि केल्सी प्लमचे ३,५२७ गुण मागे पडले. २८ तारखेला मिनेसोटाविरुद्ध तिने लिनेट वुडर्डचे ३,६४९ गुण ओलांडले, तर ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध फ्री थ्रोवर (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीवर) पुरुषांमधल्या विक्रमवीर पीट मॅराविचचे ३,६६७.

यातली मधली नोंद नीट पाहायला हवी. वुडर्डचे गुण प्लमपेक्षा १२२ जास्त होते. तरीही महिलांचा अधिकृत विक्रम तोवर प्लमच्या नावावर होता.

याचं उत्तर सत्तरच्या दशकात आहे. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए तेव्हा महिलांच्या स्पर्धा भरवतच नव्हती. ते काम १९७१ मध्ये स्थापन झालेल्या एआयएडब्ल्यू या संघटनेने अंगावर घेतलं. १९७२ मध्ये शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला आणि मुलींचे संघ आणि शिष्यवृत्त्या वाढू लागल्या. मग एनसीएएलाही महिलांचा खेळ हवासा वाटला. १९८१-८२ च्या हंगामात तिने आपल्या सर्वोच्च विभागात महिलांची बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली. तिच्यापुढे एआयएडब्ल्यूचा टिकाव लागला नाही. एआयएडब्ल्यू कोर्टात गेली, तिथेही हरली. एनसीएएच्या विक्रमांची मोजणी मात्र तिच्या स्वतःच्या पहिल्या हंगामापासून झाली. त्याआधी खेळलेल्या मुलींचे गुण बाहेरच राहिले, आणि हा अन्याय होता.

वुडर्ड १९७७ ते १९८१ कॅन्ससकडून खेळली. तेव्हा मुलीही पुरुषांच्याच आकाराचा चेंडू वापरत, आणि कितीही लांबून बास्केट केली तरी गुण दोनच मिळत. जिच्यामागून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती रेषा मॅराविचलाही मिळाली नव्हती. शिवाय त्याच्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे, त्यामुळे त्याचे सगळे गुण तीन वर्षांतले, ८३ सामन्यांतले आहेत. क्लार्कने १३९ सामन्यांत ३,९५१ गुण केले. म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून कोण मोठं ते ठरवू नये. क्लार्कचं मोठेपण मला तिच्या ५४८ थ्री-पॉइंटरमध्ये आणि हजारावर असिस्टमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांना बास्केट मिळवून देणाऱ्या पासमध्ये, दिसतं. रेषेच्या कितीतरी मागून फेकणं हा तिने आपला रोजचा खेळ करून टाकला, त्यामुळे बचाव करणाऱ्यांना अर्ध्या मैदानापासूनच तिच्या अंगावर जावं लागे.

तिच्यासाठी भरलेल्या स्टेडियमचंही अनेकांना नवल वाटलं. आयोवात ते तितकं नवं नव्हतं. तिथल्या शाळांतून मुलींचा सहा-सहा जणींचा बास्केटबॉल १९९३ पर्यंत चालला. तीन जणी फक्त आक्रमणाला, तीन फक्त बचावाला, मधली रेषा ओलांडायची नाही आणि ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटणं, दोनदाच. त्या नियमांत मुलींना कमी लेखलेलं होतंच. पण राज्याची राजधानी दे मॉइनला होणाऱ्या राज्य स्पर्धेला लोक लोटत, आणि डेनिस लाँगसारख्या शाळकरी मुलीचं नाव घरोघरी पोचलं होतं. तिला १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, निवडलं होतं. १९८५ मध्ये व्हिव्हियन स्ट्रिंगर प्रशिक्षक असताना आयोवा विद्यापीठाच्या महिला संघाच्या ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२ हजारांवर प्रेक्षक आले होते. क्लार्क दे मॉइनचीच, २००२ चा जन्म. तिने २०१९ मध्ये घरच्याच राज्यातलं विद्यापीठ निवडलं आणि २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. जेतेपद दोन्ही वेळा हुकलं, पण २०२४ चा तो सामना टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला.

गुणांत क्लार्कच्याही पुढे असलेलं एक नाव मात्र सांगायला हवं. साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन या छोट्या कॉलेजच्या पर्ल मूरने १९७९ मध्ये कॉलेज सोडलं तेव्हा तिचे गुण ४,०६१ होते. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला २०२१ मध्ये घेतलं गेलं.