थिन क्लायंट का वगळला? एलटीएसपीची पार्श्वभूमी

एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) म्हणजे एका सर्व्हरवरून अख्खी लॅब चालवण्याची लिनक्सवरची सोय. २०१९ मध्ये त्यातून थिन क्लायंटचा, म्हणजे फक्त पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या यंत्रांचा आधार काढला गेला. तो का, हे कळायला जरा मागे जावं लागतं. हार्ड डिस्क नसलेली यंत्रं नेटवर्कवरून बूट करायची पद्धत लिनक्सच्याही आधीची. १९८४-८५ च्या सुमारास एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत) आणि बूटपी (यंत्राला नेटवर्कचा पत्ता आणि बूट फाइल सांगणारी पद्धत) आले, तेव्हा डिस्क महाग होती म्हणून ती एकाच ठिकाणी ठेवत. शाळांच्या आवाक्यात हे सगळं आलं ते १९९९ नंतर. त्या वर्षी एलटीएसपी सुरू झालं आणि पीएक्सईचं (लॅन कार्डातूनच नेटवर्कवरून बूट करण्याची सोय) २.१ स्पेसिफिकेशनही त्याच वर्षीचं. ज्या लॅन कार्डात पीएक्सई नसे, त्यांच्यासाठी इथरबूट या बूट प्रोग्रॅमची फ्लॉपी बनवावी लागे, तीसुद्धा कार्डावरची चिप ओळखून.

सुरुवातीची बरीच वर्षं एलटीएसपी म्हणजे थिन क्लायंट हेच समीकरण होतं. सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचे, टेबलावरच्या यंत्रावर फक्त एक्स, म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर चित्र दाखवणारी प्रणाली. भंगारात निघालेल्या पेंटियमवरही अख्खं ऑफिस पॅकेज उघडायचं. अमेरिकेत के-१२ एलटीएसपी, नॉर्वेत २००१ पासून स्कोलेलिनक्स, मग २००५ मध्ये एडुबुंटू, शाळांसाठीच्या या सगळ्या लिनक्स आवृत्त्यांची भिस्त यावरच. त्याची किंमत सर्व्हर मोजत असे. नंतरच्या मॅन्युअलमध्ये मेमरीचं सूत्र होतं: २५६ एमबी, अधिक प्रत्येक वापरकर्त्यामागे १९२ एमबी. म्हणजे वीस मुलांच्या लॅबला ४ जीबी.

एलटीएसपीच्या पाचव्या आवृत्तीने पासवर्ड आणि पडद्यावरचं चित्र दोन्ही एसएसएच या एन्क्रिप्टेड जोडणीतून न्यायला सुरुवात केली. सुरक्षेच्या दृष्टीने ते हवंच होतं, पण कमकुवत यंत्रांचा जीव एन्क्रिप्शनमध्येच जाऊ लागला. मग 'एलडीएम डायरेक्टएक्स' हा पर्याय सर्रास चालू केला जाऊ लागला: पासवर्ड झाकलेला, चित्र उघडं.

खरी कोंडी व्हिडिओने केली. १०२४ बाय ७६८ चा पडदा, १६ बिट रंग, सेकंदाला २५ फ्रेम: एकाच यंत्रासाठी ३०० मेगाबिटच्या वर गेलं. १०० मेगाबिटच्या स्विचवर हे कुठून बसणार? वर्गातल्या सगळ्यांनी एकदम ब्राउझर उघडला की सर्व्हर गुडघे टेकायचा. म्हणून २०१० च्या आसपास फॅट क्लायंट रुळले. डिस्क नाहीच, पण प्रोग्रॅम त्या यंत्राच्याच प्रोसेसरवर आणि मेमरीत चालणार. सर्व्हरकडे उरलं इमेज (क्लायंट बूट करायला लागणारी पूर्ण सिस्टिमची प्रत) आणि होम फोल्डर देण्याचं काम.

यावरूनच पुढचा वाद झाला. २०१९ मध्ये एलटीएसपी मुळापासून नव्याने लिहिलं गेलं आणि थिन क्लायंटचा आधार त्यातून काढला गेला. हे काम पुढे नेणाऱ्यांचा अनुभव ग्रीसमधल्या शाळांचा होता, तिथे फॅट क्लायंट आधीच स्थिरावले होते. ज्यांच्या लॅबमध्ये ५१२ एमबीची ३२ बिट यंत्रं होती त्यांना हा विश्वासघात वाटला, आणि त्यांचं दुखणं खरं होतं. त्यात त्याच वर्षी उबुंटूनेही ३२ बिट आवृत्ती थांबवली, त्यामुळे दोन्हींचा राग एकत्र निघाला. तरी माझं मत निर्णयाच्या बाजूने आहे. डेस्कटॉप ग्राफिक्स कार्डावर विसंबायला लागले होते, एक्सची जागा घेणारं वेलँड येत होतं, आणि नेटवर्कवरून एक्स ओढत राहणं दर वर्षी आणखी अवघड होणार होतं. शिवाय जुनी वाट पूर्ण बुजवलेली नव्हती. आरडीपी किंवा एक्सटूगो वापरून दूरचा डेस्कटॉप घेता येतो आणि ३२ बिट यंत्रांसाठी वेगळी इमेजही ठेवता येते. मात्र हे जुळवण्याचं ओझं शाळेतल्या त्या एकट्या शिक्षकावर पडलं, हे मान्य करायला हवं.

त्या बदल्यात जे मिळालं त्याची चर्चा कमी झाली. आधी क्लायंटसाठी वेगळं चरूट (सर्व्हरवरच्या एका फोल्डरातली स्वतंत्र सिस्टिम) सांभाळावं लागे. त्यात काही बसवलं आणि इमेज पुन्हा बनवायची राहिली, तर क्लायंटवर काहीच दिसायचं नाही. आता सर्व्हरवर जे बसवलंय त्याचीच 'एलटीएसपी इमेज' या कमांडने इमेज होते. नवे विद्यार्थी जोडले तर 'एलटीएसपी इनिटआरडी' पुन्हा चालवायचं. डीएनएसमास्क या प्रोग्रॅमच्या प्रॉक्सी डीएचसीपीमुळे (पत्ते राउटरच देतो, सर्व्हर फक्त बूटची माहिती पुरवतो) राउटरला हात लावावा लागत नाही, सर्व्हरमध्ये दुसरं लॅन कार्डही लागत नाही. वीज वारंवार जाते तिथे याचा आणखी एक फायदा: क्लायंट अचानक बंद पडला तरी त्याच्यात बिघडायला फाइल सिस्टिमच नसते. यूपीएस सर्व्हरला आणि स्विचला दिला की निभावतं.

डेबियन या लिनक्समध्ये एलटीएसपीची पाचवी आवृत्ती शेवटची आली ती १० व्या प्रकाशनात. त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२४ मध्ये संपला. डेबियन एज्युने (डेबियनची शाळांसाठीची आवृत्ती) ११ पासून नवं एलटीएसपी घेतलं आणि एक्सटूगोच्या मदतीने थिन क्लायंटची सोय आपल्या बाजूने परत जोडली. अगदी कमी मेमरीची यंत्रं आजही वापरात असलेल्या शाळेने आधी तिकडेच पाहावं.