भुकेल्या सुरवंटाआधीची चाळीस वर्षं

'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे चित्रपुस्तक ३ जून १९६९ रोजी अमेरिकेत प्रकाशित झालं. मजकूर अवघा २२४ शब्दांचा. अंड्यातून बाहेर आलेला सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन प्लम, आणि खाल्लेल्या प्रत्येक फळात पानाला खरोखरचं आरपार भोक. असा शनिवारपर्यंत खात सुटतो, पोट दुखेस्तोवर खातो, मग कोशात जातो आणि फुलपाखरू होऊन बाहेर येतो. पुढे सत्तरहून अधिक भाषांत ते गेलं, साडेपाच कोटींहून जास्त प्रती खपल्या. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांतही पोरांनी चावून कोपरे मऊ केलेली त्याची पुठ्ठ्याची आवृत्ती सापडेल.

लेखक-चित्रकार एरिक कार्ल तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि मुलांच्या पुस्तकांत येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणूनच ही एखाद्या दिवशी सहज सुचलेली गोड कल्पना असावी, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. या पुस्तकातली प्रत्येक ठळक गोष्ट, म्हणजे तो किडा, ते रंग, ती मोकळी पानं, त्याआधीच्या चाळीस वर्षांत कुठून आली ते बोट ठेवून दाखवता येतं.

कार्ल यांचा जन्म २५ जून १९२९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधला. आईवडील जर्मनीतून आलेले. वडिलांना मुलाला घेऊन रानात भटकायची भारी आवड. दगड उचलायचा, झाडाची साल अलगद सोलायची, खाली वळवळणारे जीव मुलाला दाखवायचे, कोण काय खातं, कसं जगतं ते सांगायचं आणि तो जीव सांभाळून पुन्हा होता तिथे ठेवायचा. कार्ल मोठेपणी सांगत, की या चिमुकल्या जिवांवर लिहून आपण वडिलांचा मान राखतो. कोळी, रातकिडा, काजवा, लेडीबग, सुरवंट असे त्यांचे बहुतेक नायक त्या भटकंतीतून आले आहेत.

शाळेचीही आठवण अशीच पक्की. सिरॅक्यूजमधला पहिलीचा वर्ग उन्हाने उजळलेला, हातात मोठमोठे कागद आणि जाड ब्रश. पण आईला माहेरच्या देशाची ओढ होती आणि १९३५ मध्ये कुटुंब जर्मनीत, श्टुटगार्टला परतलं. तिथल्या वर्गात कागद लहान, पेन्सिल टणक, हाताशी पट्टी आणि चुकलं की छडी. सहा वर्षांच्या पोराला शाळा नकोशी झाली. आपल्या पुस्तकांनी घर आणि शाळा यांच्यामधलं अंतर सांधावं, असं कार्ल पुढे म्हणत, त्याचं मूळ इथे आहे. मूल घर सोडून पहिल्यांदा वर्गात जातं त्या दिवसाचा धसका त्यांनी आयुष्यभर विसरू दिला नाही.

मग युद्ध आलं. वडिलांना सैन्यात भरती केलं गेलं, पुढे ते रशियनांच्या कैदेत सापडले आणि थेट १९४७ मध्ये परतले. तेव्हा त्यांचं वजन ८५ पौंड, म्हणजे सुमारे ३८ किलो उरलं होतं. रानात दगड उचलून दाखवणारा माणूस त्या शरीरात राहिला नव्हता. खुद्द एरिकला पंधराव्या वर्षी इतर मुलांबरोबर पश्चिम सरहद्दीवर खंदक खोदायला नेलं होतं आणि पहिल्याच दिवशी काही फुटांवर माणसं मेलेली त्याने पाहिली. बॉम्बफेकीच्या भीतीने शहरातली घरंही डोळ्यांत भरू नयेत अशा करड्या, मातकट, मळक्या हिरव्या रंगांनी रंगवलेली असत. रंगांची आपली भूक त्या काळातली आहे, असं ते सांगत.

त्या शहरातच एक प्रसंग घडला, आणि माझ्या मते कार्ल यांच्या सगळ्या कामाची किल्ली त्यात आहे. हिटलरच्या राजवटीने आधुनिक चित्रकलेला 'अध:पतित कला' ठरवलं होतं. १९३७ मध्ये म्युनिकला तिची टिंगल करण्यासाठी प्रदर्शनही भरवलं होतं. अशा काळात चित्रकलेचे शिक्षक फ्रिडोलिन क्राउस यांनी बारा-तेरा वर्षांच्या एरिकला घरी बोलावलं आणि लपवून ठेवलेल्या प्रतिकृती त्याच्यापुढे मांडल्या. पिकासो, मातीस, क्ले यांची चित्रं. फ्रान्झ मार्क यांचे निळे घोडे. हे पाहिल्याचं कुणाला सांगू नकोस, अशी ताकीदही दिली. नोकरीवर आणि जिवावर बेतेल असं हे काम होतं. पोरगा आधी हादरलाच, कारण घोडा निळा असू शकतो हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण ते घोडे डोळ्यांतून गेले नाहीत. २०११ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीच्या आसपास, कार्ल यांनी निळा घोडा, लाल मगर, पिवळी गाय रंगवणाऱ्या चित्रकाराचं पुस्तक केलं आणि त्यात फ्रान्झ मार्क यांना मानवंदना दिली. शिक्षकाने धोका पत्करून एका मुलाला चित्रं दाखवली, त्याचा हा हिशेब सत्तर वर्षांनी चुकता झाला.

युद्धानंतर श्टुटगार्टच्या कला अकादमीत एर्न्स्ट श्नायडलर यांच्या हाताखाली ते ग्राफिक कला शिकले आणि पोस्टर करू लागले. १९५२ मध्ये खिशात चाळीस डॉलर आणि काखेत कामाची फाइल घेऊन न्यूयॉर्कला उतरले. तिथे लिओ लिओनी या नावाजलेल्या डिझायनरने त्यांना 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जाहिरात विभागात चिकटवून दिलं. (हेच लिओनी पुढे १९५९ मध्ये फाडलेल्या रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून मुलांचं पुस्तक करणार होते.) मध्ये सक्तीची लष्करी नोकरी झाली, तीही पुन्हा जर्मनीतच, यावेळी अमेरिकन गणवेशात. त्यानंतर जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी अनेक वर्षं काढली.

जाहिरातीची ही वर्षं चरित्रांत दोन ओळींत उरकली जातात, ते चुकीचं आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याने क्षणभर पाहिलं तरी कळलं पाहिजे, ही पोस्टरची अट असते. कार्ल यांची पानं पाहा: मागे कोरा पांढरा कागद, मधोमध एकच आकार, सावली नाही, देखावा नाही. दोन वर्षांचं मूलही तसंच एका नजरेत चित्र ओळखतं. आणि योगायोग असा, की पुस्तकांचं दार उघडलंही एका जाहिरातीनेच. ॲलर्जीच्या औषधासाठी त्यांनी कागद चिकटवून एक लालभडक शेवंड केली होती. ती शिक्षणतज्ज्ञ बिल मार्टिन ज्युनियर यांच्या नजरेत भरली आणि आपल्या मजकुराला चित्रं काढाल का, असं त्यांनी विचारलं. तो मजकूर वाचताच कार्ल यांना सिरॅक्यूजच्या वर्गातले मोठे कागद आणि जाड ब्रश आठवले. १९६७ मध्ये 'ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?' आलं. पुढच्याच वर्षी प्राण्यांच्या आगगाडीचं त्यांचं स्वतःचं पहिलं पुस्तक निघालं.

आता ती भोकं. कागदांच्या गठ्ठ्यात पंचिंग मशीनने भोकं पाडत बसले असताना त्यांना पुस्तक पोखरणारा किडा सुचला. त्यांनी विली नावाच्या अशा किड्याचं आठवडाभराचं पुस्तक तयार केलं. संपादक ॲन बेनेड्यूस यांना कल्पना आवडली, किडा मात्र पटेना. त्यांनी सुरवंट सुचवला आणि कार्ल यांच्या तोंडून लगेच निघालं, "फुलपाखरू!" गोष्टीला शेवट मिळाला तो त्या क्षणी. पण सोमवारचं पान अरुंद, मंगळवारचं थोडं रुंद, असं चढत जाणारं आणि प्रत्येक फळात आरपार भोक असलेलं पुस्तक परवडेल अशा खर्चात छापून, बांधून देणारं कुणी अमेरिकेत मिळेना. बेनेड्यूस यांनी जपानमध्ये छापखाना शोधला आणि तिथे ते झालं. संपादकाचं नाव मुखपृष्ठावर नसतं, पण या पुस्तकाच्या इतिहासात त्यांचं नाव कार्ल यांच्याशेजारीच लिहायला हवं.

चित्रांची कृतीही सांगायला हवी. पतंगाला वापरतात तसा पातळ पांढरा कागद घ्यायचा, त्यावर ॲक्रिलिकचे रंग ब्रशने, बोटांनी, स्पंजने, गालिच्याच्या तुकड्याने फिरवायचे आणि ओरखडे, ठिपके, लाटा उमटवायच्या. वाळलेले कागद रंगांप्रमाणे खणांत लावून ठेवायचे. चित्राची वेळ आली की हिरव्यांच्या खणातून हवा तो कागद काढून आकार कापायचा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा. सुरुवातीला ते बाजारातला रंगीत कागद वापरत, पण त्याचा रंग उडायचा. म्हणून स्वतः रंगवू लागले. सुरवंटाचं अंग जवळून पाहिलं तर ते सपाट हिरवं नाही. प्रत्येक वळीत ब्रशच्या केसांच्या रेघा वेगळ्या दिशेने गेलेल्या दिसतात, कडेला कात्रीची धार कळते. मुलाला हे कुणी समजावत नाही, तरी आपल्यालाही असं करता येईल असं त्याला वाटतं, आणि खरंच करता येतं.

पुस्तक बोटांनी, कानांनीही वाचता यावं हा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९८४ मध्ये कोळ्याच्या पुस्तकात जाळं कागदावर उंच छापलं, म्हणजे दृष्टिहीन मुलालाही ते वाढताना बोटाला जाणवतं. १९९० च्या रातकिड्याच्या पुस्तकात शेवटचं पान उघडलं की किरकिर ऐकू येते. १९९५ मध्ये काजव्यांच्या पुस्तकात दिवे लुकलुकले.

जपानशी जडलेला संबंध पुढेही फळाला आला. तिथली चित्रपुस्तकांची संग्रहालयं पाहून कार्ल आणि पत्नी बार्बरा यांना अमेरिकेतही असं काही असावं, असं वाटलं. (मराठी वाचकांना 'तोत्तोचान'मधली चित्रं आठवत असतील, ती काढणाऱ्या चिहिरो इवासाकी यांच्या नावाचं असं संग्रहालय तोक्योत १९७७ पासून आहे.) २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्टला 'एरिक कार्ल म्युझियम ऑफ पिक्चर बुक आर्ट' उघडलं. तिथे इतर चित्रकारांची मूळ चित्रंही जपली जातात, आणि मुलांना कागद, रंग, डिंक घेऊन बसता येईल असा स्टुडिओही आहे. कार्ल २३ मे २०२१ रोजी, ९१ व्या वर्षी गेले. त्यांच्या पुस्तकांचे हक्क त्याआधीच, २०१९ मध्ये, एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने घेतले होते, आणि सुरवंटाची छपाई अजून चालू आहे, भोकांसकट.