व्हीओआयपी सर्व्हरवर कॉल वाढले की नेमकं काय झोपतं, आणि ते तसं का झालं

अ‍ॅस्टेरिस्क किंवा फ्रीस्विच (व्हीओआयपी, म्हणजे इंटरनेटवरून फोन कॉल चालवणारी सर्व्हर सॉफ्टवेअरं) ट्यून कसा करायचा म्हणून शोधायला गेलं की तीच ती यादी समोर येते, युलिमिट (एका प्रोग्रामला किती फाइल उघडता येतील ती मर्यादा) वाढवा, डिबग लॉग बंद करा, डेटाबेस रॅमवर टाका, कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) एकच ठेवा. सगळं बरोबरच असतं, पण यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी काळातल्या कुणाच्या तरी डोकेदुखीतून आलीय आणि ती डोकेदुखी माहीत नसली की माणूस नुसतं कॉपी पेस्ट करत बसतो आणि मग दुपारच्या पीक टाइमला सर्व्हर झोपला की परत शोधायला लागतो.

एका यंत्रणेवर किती कॉल बसतील हा प्रश्न इंटरनेटपेक्षा खूप जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग नावाचा गणिती होता, त्याने १९०९ पासून यावर लिहायला सुरुवात केली आणि १९१७ मध्ये ते सूत्र दिलं जे आजही ट्रंकच्या (टेलिफोन कंपनीशी जोडणाऱ्या) लाइन किती घ्यायच्या ते ठरवायला वापरतात, एरलांग बी. फक्त त्याच्याकडे हिशोब सोपा होता, एक कॉल म्हणजे एक लाइन अडली, संपलं. आयपीवर एक कॉल एकाच वेळी चार-पाच गोष्टी खातो, सीपीयू, पॅकेट, फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या प्रत्येक फाइल-कनेक्शनचा नंबर), थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्र चालणारा धागा), डेटाबेसमधली नोंद, आणि यातलं आधी काय संपेल ते कॉल कसे येतायत त्यावर ठरतं.

म्हणून "आमचा सर्व्हर हजार कॉल घेतो" याला तसा काही अर्थ नाही. एकाच वेळी चालू असलेले हजार कॉल, प्रत्येक साधारण तीन मिनिटांचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच नवे कॉल. तेच हजार कॉल एखाद्या डायलरचे (आपोआप नंबर लावणाऱ्या यंत्रणेचे) असतील, बहुतेक जण उचलतच नाहीत आणि वीस सेकंद रिंग वाजून कॉल तुटतो, तर सेकंदाला पन्नास झाले. पहिल्यात आवाजाची पॅकेट सर्व्हरला दमवतात, दुसऱ्यात सिग्नलिंग, म्हणजे कॉल लावायचे-तोडायचे निरोप. आपल्याकडे तर मिस्ड कॉल हा प्रकार आहेच, २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून लोकांनी नुसते मिस्ड कॉल दिले, तिथे बोलण्याचा वेळ शून्य आणि सिग्नलिंगचा मारा मात्र पूर्ण. एरलांगचं सूत्र अशा ठिकाणी लावलं तर ते सांगणार की लोड काहीच नाही!

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. १९९९ हे साल महत्त्वाचं, मार्चमध्ये एसआयपीचा (इंटरनेटवर कॉल लावायच्या-तोडायच्या निरोपांची भाषा) पहिला आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) आला, २५४३ नंबरचा, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अलाबामाकडे मार्क स्पेन्सरने अ‍ॅस्टेरिस्क लिहायला घेतलं. त्याची लिनक्स सपोर्टची छोटी कंपनी होती, ऑफिससाठी पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज) विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून स्वतःच लिहिलं. तिकडे जिम डिक्सन झपाटा टेलिफोनी नावाने वेगळंच काम करत होता. त्याचं म्हणणं असं, की टेलिफोनीच्या कार्डांवर महागडे डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिप) कशाला हवेत, पीसीचा प्रोसेसर आता एवढा वेगवान झालाय की ते काम त्यालाच करू दे. कार्ड स्वस्त झालं, पण सगळा भार सीपीयूवर आला. डिक्सनच्या कामातून आलेला झॅपटेल हा कार्डाचा ड्रायव्हर एका वेळी आठ सॅम्पल घ्यायचा, म्हणजे एक मिलिसेकंदाचा आवाज, म्हणजे कार्ड सेकंदाला हजार वेळा इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायची हाक) देणार. एखादा जरी चुकला तरी आवाजात खरखर. त्या काळातलं ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः हेच, टेलिफोनी कार्ड आणि डिस्क कंट्रोलर एकच आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) शेअर करत नाहीत ना ते बघायचं, कार्ड या स्लॉटमधून काढून त्या स्लॉटमध्ये लावायचं. कार्ड नसलेल्या सर्व्हरवरसुद्धा कॉन्फरन्स चालवायला झेडटीडमी (नकली कार्डाचा ड्रायव्हर) लोड करावं लागायचं कारण कॉन्फरन्सचं टायमिंग झॅपटेलकडून यायचं. २००८ मध्ये ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे झॅपटेलचं नाव बदलून डाहडी झालं.

भारतात ही कार्डं जास्त टिकली त्याला कारण कायदा. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली खरी, पण देशातल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनवर कॉल उतरवायला बंदी होती आणि ती मोकळीक थेट २०१८ मध्ये आली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये लोकल कॉलिंगसाठी पीआरआय (टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन) घ्यायचा, एका पीआरआयवर तीस चॅनेल, चार पोर्टचं कार्ड म्हणजे एकशेवीस कॉल. तिथे मर्यादा कार्डच घालून द्यायचं, सर्व्हरवर तेवढा ताण यायचाच नाही, आणि म्हणून एसआयपी ट्रंकवर (कार्डाऐवजी नेटवर्कवरून येणाऱ्या लाइनवर) गेल्यावर बऱ्याच लोकांना धक्का बसला, कारण वरचं झाकणच निघालं.

एसआयपी ट्रंकवर एका कॉलचा हिशोब बघा. जी ७११ या कोडेकमध्ये दर वीस मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे एका बाजूने सेकंदाला पन्नास. अ‍ॅस्टेरिस्क मध्ये बसतो, त्याच्यासाठी कॉलला दोन लेग (बोलणाऱ्या प्रत्येकाकडची एक बाजू), दोन्हीकडून पन्नास-पन्नास येतात आणि तेवढीच बाहेर जातात, एका कॉलमागे सेकंदाला दोनशे पॅकेट. हजार कॉल म्हणजे दोन लाख. बँडविड्थ बघितली तर आत १६० एमबीपीएस, बाहेर १६०, गिगाबिट कार्डाला काहीच नाही, पण दोन लाख छोटी छोटी पॅकेट कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) वर प्रोग्रामकडे नेणं आणि परत खाली आणणं यात सीपीयू जातो. त्यात एका बाजूला जी ७२९ हा कोडेक असेल तर ट्रान्सकोडिंग (एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलणं) वेगळं. जी ७२९ वर २०१७ पर्यंत पेटंट होतं, चॅनेलमागे लायसन्सचे पैसे, त्यामुळे "कोडेक एकच ठेवा" हा सल्ला जेवढा सीपीयूसाठी होता तेवढाच खिशासाठी.

यावर बर्लिनच्या लोकांनी वेगळा विचार केला. फ्राउनहोफर फोकस या संस्थेत २००१ च्या सुमारास एसईआर, म्हणजे सिप एक्सप्रेस राउटर तयार झाला, आणि त्याने आवाजाला हातच लावायचा नाही असं ठरवलं. फक्त एसआयपीचे मेसेज इकडून तिकडे. आवाज परस्पर जातो, म्हणून साध्या मशीनवरही तो सेकंदाला प्रचंड कॉल पुढे ढकलू शकायचा. २००५ मध्ये त्यातून ओपनएसईआर फुटला, २००८ मध्ये त्याचे परत दोन तुकडे, कमाइलिओ आणि ओपनसिप्स. भांडणं काही असोत, पुढे प्रॉक्सी (फक्त निरोप पुढे देणारा) आणि मागे मीडिया सर्व्हरची (आवाज हाताळणाऱ्यांची) रांग ही रचना इथूनच रुळली.

दुसरी फूट अ‍ॅस्टेरिस्कच्या घरातली. अँथनी मिनेसाले अ‍ॅस्टेरिस्कमध्येच कोड लिहायचा, कॉल वाढले की चॅनेलची लॉक एकमेकांत अडकून डेडलॉक (सगळे एकमेकांची वाट बघत थांबणं) होतो याने तो वैतागला, नव्याने लिहूया म्हणाला, ते जमलं नाही आणि २००६ मध्ये फ्रीस्विच बाहेर आलं, १.० आलं २००८ मध्ये. त्यात कॉलच्या प्रत्येक लेगला स्वतंत्र थ्रेड, दुसऱ्याच्या पोटात हात घालायचा नाही. आता थ्रेड हजारोंनी झाले की प्रत्येकाच्या स्टॅकची (थ्रेडच्या स्वतःच्या कामाच्या जागेची) मेमरी मोजावी लागते, स्टॅक २४० केबी ठेवा हा सल्ला तिथून आला. चालू कॉलची नोंद एसक्युलाइट या एका फाइलच्या डेटाबेसमध्ये, म्हणून ती फाइल रॅमवर. आणि डिफॉल्टमध्ये हजार सेशन, सेकंदाला तीस नवे एवढीच मुभा, ही मुद्दाम ठेवलेली वेसण आहे. माझं मत विचाराल तर ती वाढवायच्या आधी दहा वेळा विचार करावा, त्याचं कारण पुढे.

यूडीपीवर (पोचल्याची खात्री न देणारी पॅकेट पद्धत) एसआयपीचं इन्व्हाइट (नवा कॉल लावायचा मेसेज) पाठवलं आणि अर्ध्या सेकंदात काहीच उत्तर आलं नाही तर पाठवणारा ते परत पाठवतो, मग एक सेकंदाने, मग दोन, मग चार, असं बत्तीस सेकंद. पहिलं धरून एकूण सात वेळा. म्हणजे सर्व्हर जरासा मंदावला, अर्ध्या सेकंदाची वेळ चुकली, की नव्या कॉलबरोबर जुन्याच कॉलच्या प्रती यायला लागतात, त्या वाचण्यात तो आणखी मंदावतो, आणि मग सीपीयू शंभर टक्के पण लागलेला कॉल एकही नाही. बरं, नको म्हणून ५०३ (सेवा आत्ता उपलब्ध नाही) द्यावं तर पुढचा प्रॉक्सी तोच लोड शेजारच्या सर्व्हरवर टाकतो आणि तोही झोपतो. हे सगळं २००८ च्या आरएफसी ५३९० मध्ये नीट मांडलंय, उपाय म्हणून २०१४ मध्ये ७३३९ आला. डिबग लॉग, मंद डेटाबेस, उशिरा उत्तर देणारा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारा), यातलं काहीही हा अर्धा सेकंद चुकवायला पुरतं.

कर्नलच्या मर्यादा मात्र निमूट मारतात. एका प्रोसेसला १०२४ फाइल ही जुनी लिनक्सची सवय, एका कॉलला बऱ्याच लागतात, दोन-तीनशे कॉलवर सगळं थांबतं. कनेक्शन ट्रॅकिंगचं (कुठली कनेक्शन चालू आहेत त्याचं) टेबल भरलं तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट अशी एक ओळ, सीपीयू मोकळा आणि कॉल तुटतायत.

अ‍ॅस्टेरिस्कमध्ये सुधारणा झाली ती २०१३ ला, बाराव्या व्हर्जनमध्ये पीजेसिपवर (एसआयपीची तयार लायब्ररी) बांधलेला नवा चॅनेल ड्रायव्हर आला. जुना ड्रायव्हर चॅनसिप येणारे सगळे मेसेज एकाच थ्रेडवर वाचायचा, म्हणजे सोळा कोर घेतले तरी एकच घामाघूम आणि बाकीचे पंधरा बसलेले. नव्या ड्रायव्हरने ते काम थ्रेडपूलवर (अनेक थ्रेडवर) वाटलं, आणि २०२३ च्या एकविसाव्या व्हर्जनमधून चॅनसिप काढूनच टाकला. तरी नेटवर फिरणाऱ्या यादीतल्या अर्ध्या ओळी अजून चॅनसिपच्या सिप डॉट कॉन्फ फाइलमधल्याच असतात, नवीन सर्व्हरवर त्या टाकल्या तर एररही येत नाही, ती फाइल आता कुणी वाचतच नाही.